तळ्याचे मायबाप

बिसाहिनने हळदीची वाटी जवळ ओढली आणि शीलाचं पाऊल हातात घेतलं. शीलाने ते मागे घेऊन पाहिलं, पण म्हातारीची पकड पक्की होती.

"मोर बिहाव थोरे हे, बिसाहिन!" आपल्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत शीला हसत म्हणाली. लग्न काय माझं आहे?

"दाई ल घलो लगाथें." नवरीच्या आईलाही लावतात, म्हणत बिसाहिनने तळव्यापर्यंत हळद चोळली.

नवरी म्हणजे समोरचं नवं तळं. काठावर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. त्यात सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा एक लांबलचक खांब हळद-कुंकू लावून आडवा ठेवलेला. लग्न लागलं की गावातले पुरुष पाण्यात उतरून तो मधोमध रोवणार होते. ज्या तळ्याचं लग्न झालेलं नाही त्याचं पाणी ना अंघोळीला चालतं, ना दहाव्याला, असा या गावचा कायदा होता.

शीलाच्या नवऱ्याला, दयारामला, हा कायदा ठाऊक नव्हता, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही त्याला कधी वाटली नव्हती. भिलाईच्या प्लँटमधून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. काम हाती घ्यायचं आणि तडीस न्यायचं, एवढंच त्याला कळे. कुम्हारीच्या पलीकडच्या या गावात तो आणि शीला निवृत्तीनंतर समाजकामासाठी दर आठवड्याला येऊ लागले, तेव्हा जुन्या तळ्यावर कारखान्यांच्या काजळीची साय धरली होती. बायकांच्या मांड्यांवर आणि पोरांच्या पोटांवर चट्टे उठले होते. दयारामने सभा घेतल्या, ओळखीतून जेसीबी मिळवला, सगळ्या गावाला कुदळी धरायला लावल्या आणि नवं तळं खोदून घेतलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं, आणि त्यात उतरल्या त्या फक्त म्हशी.

वर्षभर त्याने आरडाओरडा केला, मग हात टेकले. लावा म्हणाला लग्न, मीही अक्षता टाकतो. पण नवरीचे आईबाप म्हणून पाटावर बसायला गावातलं एकही जोडपं पुढे येईना. शेवटी एका सकाळी गावातले कर्ते लोक, पूजा सांगणाऱ्या बैगाला पुढे करून, नारळ घेऊन भिलाईला त्यांच्या घरी आले. तळं साहेबांनी आणलं, तर साहेब आणि बाई हेच त्याचे मायबाप, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शीलाला किती आनंद झाला म्हणून सांगावं! त्याच संध्याकाळी ती सिविक सेंटरमध्ये जाऊन हिरवी जरीकाठी साडी घेऊन आली. कन्यादान हा शब्द तिच्या घरात उच्चारायची सोय उरली नव्हती, आणि आता गाव तो आपण होऊन तिच्या ओटीत टाकत होतं.

सोय उरली नव्हती ती मोनालीमुळे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने जातीबाहेर, रेल्वेत कामाला असलेल्या एका मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी दयारामने दार लावलं ते लावलंच. कुणी विचारलं तर तो तोंडावर सांगे, आम्हाला मूलबाळ नाही. या गावातही त्याने तेच सांगितलं होतं, आणि शीला मूग गिळून बसली होती. मोनाली राहत होती भिलाई-३ ला. गावाकडे येताना बस तिथे थांबे. शीला खिडकीतून बघत राही आणि उतरत नसे. फोन मात्र चोरून चालत. मोनालीला आता दिवस गेले होते. ते नवऱ्याला सांगायची शीलाची अजून छाती झाली नव्हती.

बिसाहिनने दुसरं पाऊल हातात घेतलं. तिची लहानगी नात शेजारी उभी राहून कोपरावरची खपली खाजवत होती.

"तोर बड़ हिम्मत हे, बाई," बिसाहिन म्हणाली. मोठी हिंमत आहे तुझी.

"हिंमत कशाची?"

मग बिसाहिनने सगळं सांगितलं, भाजीत काय घातलं ते सांगावं इतक्या सहज. जुन्या तळ्याच्या लग्नात पाटावर तिचे सासू-सासरे बसले होते. त्याच साली घरातला थोरला मुलगा गेला, आणि पाठोपाठ पोटुशी सून. तळं आपल्या मायबापाच्या वंशातलं माणूस मागतं, हे गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून तर कुणी पुढे होत नव्हतं.

"तोर का जाही," ती शीलाच्या गुडघ्यावर हात ठेवून मायेने म्हणाली. "तोर तो कोनो नइये." तुझं काय जाणार, तुला तर कुणीच नाही.

शीलाला आधी राग आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला वाटला होता तो मान नव्हताच. तिचं रिकामं घर पाहून नारळ आणला होता. रागामागून मोनाली आठवली. पायांची हळद ओली असतानाच ती उठून मांडवाकडे गेली.

दयाराम नवं धोतर सावरत उभा होता.

"हे आपल्यालेच काहून बसवून राहिले, तुमाले माहीत होतं?"

"बैगानं सांगतलं होतं मले."

"आन् तुमी मले बोलले नाही?"

"काय बोलू? तू त्याच्यावर विश्वास ठेवतेस का? सभेत तूच तर सांगतेस ना बायकांले, नजर लागत नाही, टोनही-चेटकीण काही नसते म्हणून." त्याने तिच्याकडे न बघता खांद्यावरचा शेला नीट केला. "आन् आपलं जायचं काय आहे?"

तिचा विश्वास नव्हता. तो नव्हताच. बिसाहिनची जाऊ बाळंतपणात दवाखाना लांब म्हणून गेली असेल आणि दीर कसल्यातरी तापाने गेला असेल, हे तिला कळत होतं. ते सगळं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि पाटावर जाऊन बसली. बिसाहिनने तिच्या पदराची नि दयारामच्या शेल्याची गाठ मारली. गावच्या बाया घागरी आणि धुण्याची गाठोडी घेऊनच आल्या होत्या. लग्न लागलं की पहिली अंघोळ इथेच करायची असं ठरलं होतं. पोरं तर कपडे काढून पाण्याच्या कडेला तयार होती.

पूजा सांगणाऱ्या बैगाने हात वर केला, वाजंत्री थांबली.

"अउ कोनो लइका?" त्याने सगळ्यांदेखत विचारलं. तळ्याशिवाय आणखी मूल आहे का कुणी?

"कोणी नाही," दयाराम म्हणाला.

बैगा शीलाकडे वळला. आईनेही सांगायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि ती हलवायचीच असं ठरवून ती बसली होती. तिने पोरांच्या पाठींवरचे चट्टे पाहिले. बिसाहिनच्या नातीकडे पाहिलं. पण मान हलेना.

"हे," ती म्हणाली. आहे. "एक बेटी हे." मग आवाज खाली आणून, फक्त नवऱ्यासाठी, "मोनालीले दिवस गेले आहेत."

कुणी चिडलं नाही. कुणीतरी शिवी तरी हासडायला हवी होती, असं शीलाला वाटलं. बिसाहिन पुढे आली आणि आपणच मारलेली गाठ नखांनी सोडवू लागली. "उठ बाई, उठ," ती म्हणत होती. लेकुरवाळीने इथे बसायचं नसतं. बायांनी आपापल्या घागरी उचलल्या, पोरांना कपडे घालायला लावले, आणि उन्हं चढायच्या आत अंघोळी आटपायला त्या जुन्या तळ्याच्या वाटेला लागल्या. बिसाहिनची नात सगळ्यांच्या पुढे पळत होती.

मांडवात दोघंच उरली. दयाराम पाटावरून उठला नव्हता. वर्षभराची मेहनत मातीत गेली, आता हा आकाशपाताळ एक करणार, म्हणून शीला अंग चोरून पाण्याच्या कडेला उभी राहिली.

"कितवा?" त्याने विचारलं.

"सातवा."

तो गुडघ्यांवर हात टेकत उठला, तिच्याजवळ आला, आणि तिचा दंड धरून त्याने तिला काठापासून मागे ओढलं.

"पाण्यापाशी नको उभी राहू," तो म्हणाला.