डोह मेला म्हणे

कोंडीबा प्रयोगशाळेत शिरला तो चपला न काढताच. एरवी असं वागणारा माणूस नव्हे तो, पण आज त्याचं टाळकं फिरलं होतं. सीना नदीतला डोह चार दिवसांत मुरमाने बुजवून टाकला होता, आणि त्याला कारण होता समोर बसलेल्या वैजयंती मॅडमचा अहवाल.

मोहोळच्या त्या शिवारात नदी फेब्रुवारीतच आटते. उन्हाळाभर पाणी टिकायचं ते एवढ्या एका डोहात, आणि कोंडीबाचं जाळं चालायचं ते त्याच्याच जिवावर. दोन वर्षांपूर्वी मॅडम आल्या, पाण्याचा नमुना कसा भरायचा ते दाखवून गेल्या. "डोहात जीव आहे हे कागदावर आलं, की त्याला कुणी हात लावणार नाही, मामा," म्हणाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी त्याने बाटली भरून एसटीच्या कंडक्टरकडे दिली. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा चुकवलं नाही. आणि या बाईने लिहिलं काय, तर डोहात जीवसृष्टी उरलेली नाही, संरक्षित यादीतून वगळावा!

"मेला म्हनं डोह! ढीगभर मासं उड्या मारत हुतं तितं. दोन सालांत एकदा तरी पाय लागला का तुमचा? केसानं गळा कापला की वो आमचा!"

मॅडमचा चेहरा पडला. यायला हवं होतं, हे त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी नोंदवही पुढे केली. "मासे ज्यांच्यावर जगतात ते पाण्यातले बारीक किडे मी भिंगाखाली मोजते, मामा. तुमच्या एकाही बाटलीत ते नव्हते. खोटं कसं लिहू?"

"आसतील कसं? दुहेरी फडक्यातनं गाळून देत हुतो की!" कोंडीबा तोऱ्यात म्हणाला. "बाटलीत कचरा जाऊ देऊ नका म्हून तुमीच बजावलं हुतं. बायकूनं त्यापायी नवं लुगडं फाडलंय."

मॅडमनी नोंदवही मिटली.

"फडक्यावर राहायचं ते काय करायचात?"

"झटकायचो डोहात."

"मला तेवढंच हवं होतं हो, मामा."

कोंडीबाला उमगायला वेळ लागला. उमगलं तसा तो फरशीवरच बसला. भांडायला आलेल्या माणसाला आता भांडायचं कुणाशी ते कळेना. लाज वाटली, आणि मॅडमवरचा रागही गेला नाही.

"ह्या बेस्तरवारी आनतो की. न गाळता," तो म्हणाला.

"कुठून, मामा?" मॅडमनी विचारलं.