सेकंदाचे तुकडे

चिमणीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तिचा बाबा ऑफिसात होता. घरी आला तर आजी-आजोबांचं भांडण चांगलंच रंगलेलं.

"पहिलं पाऊल माझ्याकडे टाकलं!" आजी म्हणाली.

"काहीतरीच काय! माझ्याकडे," आजोबा म्हणाले. "दाराशी जाऊन बसली ती नंतर."

चिमणीच्या आईनं सगळं पाहिलं होतं, पण सासू-सासऱ्यांच्या मधे पडायला ती काही वेडी नव्हती. "बटण दाबून धरून ढीगभर फोटो काढलेत, तेच बघा," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

बाबानं ऐटीत फोटो संगणकावर घेतले, तेही ऑफिसच्या कामात स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामनं. हा प्रोग्राम फोटोंना आपली नवी नावं द्यायचा आणि क्रम वेळेवरून लावायचा. पण पडद्यावर पाहतात तर सगळा क्रम उलटसुलट: चिमणी बसली, उभी राहिली, आजीकडे वळली, परत बसली, आजोबांकडे वळली! दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला.

बाबाच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मग एकदम लख्ख आठवलं. ऑफिसातली प्रोग्रामची चाचणी घेणारी बाई, जिला सगळे चाळणी म्हणत, गेला महिनाभर हेच सांगून दमली होती. मोबाइल वेळ सेकंदाच्या बारीक तुकड्यापर्यंत लिहितो. काही जुन्या संगणकांना नुसता पूर्ण सेकंद कळतो, म्हणून बाबानं सरसकट सगळ्याच फोटोंच्या वेळेतले हे तुकडे गाळून टाकले होते. एका सेकंदातल्या फोटोंना मग पुढचं-मागचं उरेना. चाळणीनं संगणकावर नोंदवलेल्या तक्रारीखाली त्यानं तोऱ्यात लिहिलं होतं, "सेकंदाचे तुकडे कोणाला हवेत?"

आता मुकाट्यानं बसून त्यानं प्रोग्राम दुरुस्त केला. ज्या संगणकाला जेवढं बारीक कळतं, तेवढं ठेवायचं. फोटो पुन्हा घेतले.

चिमणी स्टूल धरून उभी. तिनं आजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग दोघांकडे पाठ फिरवून पाऊल टाकलं थेट दाराकडे. तिथे बाबाच्या चपला होत्या. सकाळी तो चपलांऐवजी बूट घालून गेला होता.

"हरलीस," आजोबा म्हणाले.

"तुम्ही कुठे जिंकलात?"

"तिला वाटलं, तू आलास," आई बाबाला हळूच म्हणाली.

बाबाला हसू आवरेना आणि डोळेही कोरडे राहीनात. त्यानं चिमणीला मांडीवर घेतलं, चाळणीची तक्रार उघडली आणि आपल्याच प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, "मला."