कोरड्या तलावातला आरसा

"आरसा म्हणजे शीड असतं, ताई. वारा भरला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सोबत दुसरं माणूस न्या," काचवाल्या काकांनी आरशामागे फळी ठोकताना बजावलं होतं.

"हे काय, आहे की माणूस!" तिनं छातीशी बांधलेल्या दहा महिन्यांच्या चिमणीकडे बोट दाखवलं.

"हे माणूस आरसा धरणार की चाटणार?"

तिनं ते हसण्यावारी नेलं.

पूर्वी ती फोटो काढायची तेव्हा आरसा नवरा धरायचा. आटलेल्या तलावाच्या भेगाळ मातीत तो आरशामागे लपायचा, ती कॅमेऱ्यामागून ओरडायची, "कलव की जरा! अजून!" आणि जमिनीत अचानक आभाळाचं दार उघडायचं. घरी आल्यावर कडेला दिसणारी त्याची बोटं ती फोटोतून पुसून टाकायची. मग त्याला लांबची नोकरी लागली. आता आरसा स्टँडवर उभा राहतो. पुसायला काही उरत नाही.

त्या सकाळी चिमणीला चादरीवर बसवून तिनं कॅमेरा लावला. स्टँडचा एक पाय भेगेत रुतलेला दिसला, म्हणून ती आरशामागे गेली आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. स्टँड कलंडला. तिनं झडप घालून दोन्ही हातांनी आरसा धरला. पुरुषभर उंचीची काच आता तिच्या एकटीच्या जिवावर उभी होती.

पलीकडे चिमणीला आरशात दुसरं बाळ दिसलं असणार. ती खिदळली.

"तिथेच थांब हं! शहाणी ना माझी?"

शहाणी कसली ऐकतेय! फळीआडून काही दिसेना. मातीवर गुडघे घासल्याचा आवाज तेवढा जवळजवळ येत होता. हात सोडला तर आरसा पुढे पडणार, पोरीच्या अंगावर.

"कुणी आहे का?" ती ओरडली. दूरवर कुणी नव्हतं. ती इथे आलीय हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

काचेवर इवल्या तळव्याची थाप पडली. थप. थप.

तिनं डोळे मिटले आणि आरसा स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. पाठ जमिनीवर आदळली, मनगटात काहीतरी कडकन वाजलं. काच मात्र शाबूत राहिली. ती फळीखाली दबलेली, आणि वर आडव्या पडलेल्या आभाळावर चिमणी मजेत रांगत होती.

कशीबशी फळीखालून सरकून ती बाहेर पडली आणि दुपारी मनगटाला प्लास्टर घालून घरी आली. संध्याकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिनं हात टेबलाखाली ठेवला.

"सगळं ठीक ना गं?"

"अगदी मजेत!"

फोन ठेवल्यावर चिमणीनं पाळण्यातून दोन्ही हात वर केले. एका हातानं उचलता येईना. ती पाळण्याला टेकून जमिनीवरच बसली आणि गजांतून बोट तेवढं आत सरकवलं.

तुमच्या इमारतीतही अशी कुणी असेल, तान्ह्या बाळाची आई, एकटीच राहणारी. आज तिची बेल वाजवा. दारातून "ठीक ना?" विचारू नका, त्याचं उत्तर तिला पाठ आहे. आत जा, बाळ कडेवर घ्या, आणि तिचे हात नीट बघून या.