पाच पायांचं मांजर

चहा बरोबर चारच्या ठोक्याला आला आणि तपासनिसांच्या पोटात गोळा उठला.

आता चहा वेळेवर आला म्हणून कुणाच्या पोटात गोळा उठतो का? उठतो. सलग पाचव्या दिवशी आला की उठतो. पण ते कळायला जरा मागे जायला हवं.

तपासनीस चौतीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, पडद्यापुढून सरकता पट्टा आणि पट्ट्यावर बाटल्या. काम एकच, डोळ्यांत तेल घालून बघायचं. काचेत बुडबुडा असेल, केसाएवढा तडा असेल, गळा तिरपा असेल, तर बाटली उचलायची, दोष असेल तिथे लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि डावीकडच्या पेटीत टाकायची. चांगली बाटली आपली पुढे निघून जायची. तिच्याकडे बघत बसायला वेळ कुणाला होता? आपल्या हातून खराब बाटली एकदाही सुटली नाही असं ते सांगत, आणि ते खरंच असावं. कारण नोकरी सुटली तरी त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. जिन्यातली वर आलेली फरशी, समोरच्या दारावरची तिरपी पाटी, पाहुण्यांच्या घरी कपाच्या कानाला गेलेला चिरा, सगळं त्यांना आधी दिसायचं, आणि दिसलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. सगळी इमारत त्यांना तपासनीस म्हणायची ती काही उगीच नाही.

त्यांच्या बायकोला इमारत काकू म्हणायची. काकूंनी दोन महिन्यांपूर्वी एक उद्योग सुरू केला. खालच्या मजल्यावरचा शिंपी कपडे बेतून उरलेल्या तुकड्यांची पिशवी टाकायला निघाला होता, ती काकूंनी मागून घेतली.

"काय करणार याचं?" शिंप्याने विचारलं.

"बघू," काकू म्हणाल्या.

आणि खरोखरच त्या बघायला लागल्या. रोज दुपारी जेवणं आटोपली की टेबलावर जुन्या खोक्याचा पुठ्ठा, कात्री आणि वाटीत पिठाची खळ घेऊन बसायच्या. कापडाचे तुकडे कापायच्या, पुठ्ठ्यावर लावून बघायच्या, काढायच्या, परत लावायच्या आणि मग चिकटवायच्या. चित्रं घरातलीच. किटली, खुर्ची, खिडकीतली कुंडी, समोरच्या छपरावर झोपणारं मांजर. चित्र वाळलं की आपल्या गादीखाली दाबून ठेवायचं. तपासनीस तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन लोळत असत. त्यांना या कापाकापीत काडीचा रस नव्हता. त्यांची तक्रार एवढीच, की चारचा चहा सव्वाचारला यायला लागला होता. मग पावणेपाचला. एकदा तर साडेपाचला, आणि त्यात साखर दोनदा.

"चार वाजता चहा असतो ना आपल्याकडे?" ते म्हणायचे.

"वाजले वाटतं," काकू म्हणायच्या. कोपराला दोरा चिकटलेला, डोळे अजून भलतीकडेच. कुठून तरी छान फिरून आल्यासारखा चेहरा. तपासनिसांना तो चेहरा दिसायचा, पण चेहऱ्यात दोष नव्हता, त्यामुळे त्यांनी पुढे काही बघितलं नाही.

मग काकू दोन दिवस धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. पहिल्याच दुपारी तपासनीस काकूंच्या गादीवर आडवे झाले, कुशीवर वळले आणि गादी करकरली. गादी करकरते म्हणजे काय? ती उचलून बघेपर्यंत त्यांना चैन पडणार नव्हतं. खाली चौदा चित्रं निघाली.

पहिली दोन-तीन त्यांनी नुसतीच बघितली. हे हिने केलं? कधी केलं? मग सवय जागी झाली. त्यांनी सगळी चित्रं खिडकीशी उजेडात नेली, टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली आणि चक्क कामाला बसले. किटलीचा कान तिरपा, फुली. खुर्चीला तीनच पाय, फुली. कुंडीची सावली निळी, सावली कधी निळी असते का, फुली. मांजराला पाच पाय! इथे त्यांनी फुली जरा मोठी मारली. पूर्ण दुपार गेली. शेवटी दोन चित्रं उजवीकडे ठेवली आणि बारा डावीकडे. किती मन लावून आपण बायकोचं काम बघितलं, म्हणून ते स्वतःवरच खूश झाले. आता काकूंना नेमकं कळेल कुठे काय सुधारायचं ते. त्यांच्या मनात तसूभरही वाईट नव्हतं, आणि पंचाईत नेमकी तीच होती.

काकू परत आल्या. टेबलावरचे दोन ढीग त्यांनी बघितले. एकेक पुठ्ठा उचलला, बघितला, ठेवला.

"एवढं सगळं बघितलंत?"

"मग! एकेक करून."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या.

आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. पुठ्ठे माळ्यावर गेले, खळीची वाटी घासून पालथी पडली, कात्री खणात गेली. दुसऱ्या दिवसापासून चहा चारला. दूध बेताचं, साखर बेताची. त्या चहात दोष काढायला जागाच नव्हती. तपासनिसांनी तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी विचारलं, "आज काही कापाकापी नाही?"

"झाली ती," काकू म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

म्हणून पाचव्या दिवशी पोटात गोळा. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात काकू चिडल्या होत्या, रुसल्या होत्या, एकदा तर चार दिवस बोलल्या नव्हत्या. हे तसं नव्हतं. त्या सगळं करत होत्या, बोलत होत्या, हसतही होत्या. फक्त तो फिरून आल्यासारखा चेहरा गेला होता. आता कुठे तपासनिसांच्या लक्षात आलं की तो चेहरा आपल्याला आवडत होता. आणि तो परत आलाच नाही तर काय, या विचाराने ते हबकले.

सहाव्या दिवशी मेहुणी आली. काकू तिच्याकडे चष्म्याचं घर विसरल्या होत्या, ते द्यायला. मेहुणी फटकळ, कुणाची भीडभाड ठेवायची नाही. काकू दूध आणायला खाली उतरल्या तशी तपासनिसांनी संधी साधली.

"हिचं काही बिनसलंय का गं? चित्रं बंद केली."

"बंद केली?" मेहुणीने पर्स बाजूला ठेवली. "माझ्याकडे दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हती ताई. म्हणाली, अजून एक झालं की पंधरा होतील, मग यांना दाखवणार. तुम्ही केलंत काय?"

"मी? मी तपासली."

मेहुणीने कपाळाला हात लावला. "तिला दाखवायची होती हो, भाऊजी. तपासायला कुणी सांगितली?"

"दाखवायची म्हणजे तपासायचीच ना? फरक काय त्यात?"

ते खवचटपणे विचारत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मेहुणीलाही ते कळलं असावं, कारण ती चक्क गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं म्हणजे मोठीच गोष्ट. मग म्हणाली, "मला नाही सांगता येणार. पुन्हा एकदा बघा. पेन्सिल न घेता."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या, तसे तपासनीस स्टूल लावून माळ्यावर चढले. पुठ्ठे काढले. खुर्चीचं चित्र घेऊन ते खुर्चीपुढे उभे राहिले. पाय चार. त्यांचीच फुली बरोबर होती. मग ही बाई तीन कुठून आणते? कुठून म्हणजे, बसते कुठे ती? ते टेबलापाशी काकूंच्या जागेवर जाऊन बसले आणि पुन्हा बघितलं. पाय तीन. चौथा टेबलाच्या पायाआड गेला होता.

त्यांनी उठून, पुन्हा बसून खात्री केली. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि किटली हातात घेतली. कान तिरपा होता. कधी काळी आपटून वाकला असणार. इतकी वर्षं ते याच किटलीतला चहा पीत होते आणि जगातल्या कपांचे चिरे मोजत होते. आता मात्र त्यांना चेव आला. कुंडीची सावली बघायला उन्हं पांढऱ्या भिंतीवर येईपर्यंत खिडकीत उभे राहिले. सावली निळीच पडली. अगदी निळी नाही, पण राखाडी म्हणावी तर तीही नाही. पडद्याची घडी, बादलीचा काठ, दिव्याची काळी वायर, ते घरभर पुठ्ठे घेऊन हिंडले, गुडघे टेकले, स्टुलावर चढले. बारापैकी अकरा फुल्या त्यांच्याच चुकीच्या निघाल्या. खजील व्हायला हवं होतं, आणि ते होतेही. पण त्याहून जास्त त्यांना कुतूहल वाटत होतं. एकाच घरात राहून हिला हे सगळं दिसत होतं?

राहिलं मांजर.

काकू परत आल्या तेव्हा तपासनीस खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले होते.

"पडाल," काकू म्हणाल्या.

"मांजराला चारच पाय आहेत."

"ठाऊक आहे मला."

"मग पाच का केलेस? बाकीचं सगळं मी बघून आलो. खुर्ची बरोबर आहे तुझी, किटली बरोबर आहे, सावलीसुद्धा. हे एकच कळत नाहीये."

काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. हा माणूस थट्टा करतोय की काय? पण तपासनीस शाळेतल्या पोरासारखे उत्तराची वाट बघत उभे होते.

"तो करड्या मखमलीचा तुकडा होता," त्या म्हणाल्या. "तेवढा एकच निघाला पिशवीत. त्याला आपसूकच पाच टोकं होती. कापवेना हो."

"म्हणून पाय?"

"म्हणून पाय."

"शेपूट करायचीस त्याची."

"शेपूट आधीच झाली होती."

तपासनीस हसायला लागले. हसता हसता खाली बसले. काकूंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, पण तेवढंच. त्या कपडे बदलायला आत गेल्या.

"ती पिशवी कुठे आहे?" तपासनिसांनी आत हाक मारून विचारलं.

"शिंप्याला परत दिली."

तपासनीस चपला घालून खाली गेले. शिंप्याने निम्मे तुकडे एका उशीत भरून टाकले होते. उरलेले त्याने दिले, वर विचारलं, "काकूंनी परत धरलं वाटतं?"

"नाही," तपासनीस म्हणाले. "मीच बसतोय."

आणि बसले. दुपारी, टेबलापाशी, कात्री आणि वाटीत खळ घेऊन. चित्र कशाचं करायचं हा प्रश्नच नव्हता. बाटलीचं. लाखो बाटल्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. त्यांनी हिरवा तुकडा उचलला, कात्री लावली आणि हात थांबला. चांगली बाटली कशी असते? तडा गेलेली आठवत होती, बुडबुड्याची आठवत होती, तिरप्या गळ्याची तर तीस तऱ्हांची आठवत होती. धड, साधी, चांगली बाटली काही केल्या डोळ्यांपुढे येईना. ती पुढे निघून जायची ना. त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. तरी त्यांनी कापायला घेतलं, अंदाजाने, जीभ दातांत धरून.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"मी फुल्या मारायला नको होत्या," तपासनीस मान वर न करता म्हणाले. "मला दुसरं काही येतच नाही गं. बघायचं म्हणजे तेवढंच शिकलो."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग पिशवीत हात घातल्याचा. तपासनीस वळून बघणार, तोच त्या म्हणाल्या, "हलू नका. आहात तसेच बसा."

ते बसले. समोर काकू एक डोळा बारीक करून त्यांच्याकडे बघत होत्या, पुठ्ठ्यावर तुकडा ठेवत होत्या, पुन्हा बघत होत्या. आणि तपासनिसांना घाम फुटला. जन्मभर पट्ट्याच्या अलीकडे बसलेला माणूस आज पट्ट्यावर होता. टक्कल, पिशव्या आलेले डोळे, लोंबती हनुवटी. ही बाई एवढं बघते, हिला काय काय दिसत असेल? पळून जावंसं वाटत होतं, आणि काय निघतंय ते बघावंसंही वाटत होतं. मान आखडली तरी ते हलले नाहीत.

खूप वेळाने काकूंनी पुठ्ठा टेबलावरच त्यांच्याकडे फिरवला, तुकडे अजून नुसते ठेवलेले.

राखाडी शर्टातला म्हातारा, हातात कात्री, पुढे हिरवं काहीतरी. डोकं त्यांचंच, बसणंही त्यांचंच. एकच गोष्ट त्यांना कळली नाही. त्यांनी ती बोटाने दाखवली.

"हा डावा खांदा खाली आलाय."

"तसाच आहे तो. डावीकडच्या पेटीकडे वाकून वाकून झालाय."

तपासनीस उठून आरशापुढे गेले. खांदा खाली होता. चांगला दोन बोटं खाली.

"तुला कधी दिसला?"

"लग्नानंतर पाचेक वर्षांनी असेल."

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं?" काकू खळीची वाटी जवळ ओढत म्हणाल्या. "लांबून येताना मी तुम्हाला त्यावरूनच ओळखते."

तपासनीस परत येऊन आपल्या जागेवर बसले आणि काकूंनी सांगितल्यावाचूनच पुन्हा तसेच वाकले, कारण खांदा अजून चिकटवायचा राहिला होता.