आडवं पातं

"मगर साडेचौदा फूट होती," एव्हारिस्तो मातारिताने गालावरच्या वणावरून बोट फिरवत सांगितलं, "आणि नंतर कापली तेव्हा तिच्या पोटात शिलाई मशीन निघालं. पायानं चालवायचं."

मिनिबसमधल्या आठही प्रवाशांनी एकदम श्वास आत ओढला. वण होताच तसा, कानाच्या पाळीपासून थेट हनुवटीपर्यंत उतरलेला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या हॉलिस नावाच्या निवृत्त दंतवैद्याने बायकोला कोपराने ढोसलं. पैसे वसूल झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर पसरलं होतं.

"मागच्या गटाला जग्वार होता," स्टिअरिंगमागून योर्लेनी म्हणाली. प्रवाशांना तिची स्पॅनिश कळत नसे, त्यामुळे ती हवं ते बोलायची. "त्याआधीच्यांना वीज पडली होती. काका, एकदा काय ते ठरवून टाका की."

"गट बघून ठरवतो गं. ही मगरीची माणसं आहेत."

"आणि मशीन?"

"ते आत्ता सुचलं."

एकसष्ट वर्षांपैकी सव्वीस वर्षं एव्हारिस्तोचा हाच धंदा होता. आठ-दहा परदेशी माणसं गोळा करायची, त्यांना ज्वालामुखी, धबधबा, गरम पाण्याची कुंडं आणि झाडाला उलटी लटकलेली आळशी जनावरं दाखवायची, आणि दहाव्या दिवशी जिवंत विमानतळावर सोडायची. त्या दिवशी सहावा दिवस होता. चार दिवस पाऊस असा कोसळत होता की, लोक सांगत, मासे अंगणात येऊन कोंबड्यांचे दाणे खात होते. दुपारी एकच्या सुमारास रस्त्यात पिवळा रेनकोट घातलेला माणूस आडवा आला. पुढचा पूल गेला म्हणाला. गेला म्हणजे मोडला नाही, अख्खाच्या अख्खा गेला, रेलिंगसकट.

"मग?" योर्लेनीने विचारलं.

"आग्वा मान्सा गावातून जा. दुसरा रस्ता नाही."

"परत फीर," एव्हारिस्तो म्हणाला.

"परत कुठं? मागं दरड येतेय. अंधाराच्या आत लॉजवर पोचलो नाही तर या आठ जणांना काय झाडावर झोपवू?"

"त्या गावात मी पाऊल ठेवत नाही."

"मग नका ठेवू. बसून राहा गाडीत. गावाला काय कळतंय?"

"तिथं माझा भाऊ आहे. दिसलो तर मारून टाकील."

योर्लेनी खो खो हसली. "ही जमली बरं का! मगरीपेक्षा ही जमली!" आणि तिने गाडी उजवीकडे वळवली.

तिचं तरी काय चुकलं? सव्वीस वर्षं दिवसाला चार थापा ठोकणाऱ्या माणसाने एकदा खरं सांगितलं, तर ते ओळखायचं कशावरून?

खरं ते असं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी आग्वा मान्साच्या सणात, बैलांच्या रिंगणाबाहेर, एव्हारिस्तो आणि त्याचा थोरला भाऊ निकानोर यांच्यात खोगिराच्या एका पट्ट्यावरून जुंपली. दोघांच्याही पोटात उसाची दारू आणि कमरेला लांब, सरळ पात्याचे कोयते. आता त्या मुलखात कोयत्याने भांडणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. धारेने वार करायचा, रक्त काढायचं, महिन्याभराने टाके सुकले की एका बाकावर बसून प्यायचं. समोरच्यावर धार चालवणं म्हणजे त्याला पुरुष मानणं. पण पातं आडवं करून, सपाट बाजूने हाणणं वेगळं. तसं खेचराला हाणतात. पिऊन पडलेल्या गड्याला हाणतात. आणि पस्तिशीतल्या एव्हारिस्तोने, डोकं फिरल्यावर, चर्चच्या पायऱ्यांसमोर, निकानोरच्या सासऱ्या-मेव्हण्यांच्या देखत, थोरल्या भावाच्या पाठीत आडव्या पात्याचे तीन फटके ओढले होते.

गालावरचा वण हे निकानोरचं उत्तर होतं. लोकांनी मध्ये पडून सोडवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पुन्हा गावात दिसलास तर अर्धवट सोडणार नाही."

गाव लागलं तेव्हा पाऊस थांबला होता, पण वेशीवरच एक जाडजूड फांदी रस्त्यात आडवी पडलेली. योर्लेनीने सीटखालून कोयता काढला, म्यान सीटवर टाकलं आणि पातं एव्हारिस्तोच्या हातात दिलं.

"पाऊल ठेवावं लागतंय, काका."

तो उतरला. इकडे तिकडे बघितलं, चिटपाखरू नव्हतं. वीस-पंचवीस घावांत फांदी तुटली. पुढे रस्ता कसला, चिखलाची खीरच. चाक कुठून काढायचं हे दाखवायला तो गाडीपुढे चालू लागला. "डावीकडे घे, अजून डावीकडे..." असं करत, गाडीकडे तोंड आणि गावाकडे पाठ करून, उलटा चालत चालत तो थेट चौकात जाऊन उभा राहिला. हातात उघडा कोयता.

त्या मुलखात माणूस चौकात शिरताना कोयता म्यानात घालतो. म्यान नसलं तर पोत्याच्या तुकड्यात गुंडाळतो. दूध पिणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. उघडं पातं हातात घेऊन चौकात येणाऱ्याचं काम एकच असतं. पण सव्वीस वर्षं एव्हारिस्तोने कोयता फक्त पाहुण्यांना शहाळी फोडून द्यायला वापरला होता. डोक्याला अजून आठवत असेल, हात मात्र विसरला होता.

दुकानाच्या दारातल्या म्हातारीने आधी पातं बघितलं, मग गाल बघितला.

"निकानोर!" ती किंचाळली. "अरे निकानोर, तो आलाय! उघड्या पात्यानं आलाय!"

निकानोर दाढी करता करता बाहेर आला. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात टॉवेल, पाय अनवाणी. सदुसष्ट वर्षांचा होता, पण खांदे अजून बैलाचे. कोयता त्याने दाराच्या आडून, छत्री घ्यावी तसा सहज घेतला.

"सव्वीस वर्षं लागली होय रे धीर गोळा करायला?"

"दादा, फांदी तोडत होतो. रस्त्यात फांदी पडली होती."

"फांदी तिकडं. चौक इकडं. मग हातात काय आहे, फुलं?"

एव्हारिस्तोने हाताकडे बघितलं. आता कोयता टाकावा तर आयुष्यभर भेकड, न टाकावा तर आयुष्यच किती राहिलं कोण जाणे. ठरवायची वेळ निकानोरने दिलीच नाही. पहिला वार डोक्यावर आला. एव्हारिस्तोने तो अडवला, आणि दोन पात्यांच्या खणखणाटाने चर्चच्या छपरावरची गिधाडं उडाली. दुसरा हुकला आणि घोडे बांधायच्या खांबात बोटभर रुतला. जाता जाता एका कोंबडीची शेपटी घेऊन गेला. तिसरा लागला. डाव्या हाताचं मांस कोपरापासून मनगटाकडे उकललं, आतलं पांढरं दिसलं, मग त्यात रक्त भरून आलं. एव्हारिस्तो ओरडला आणि त्याने कोयत्याची मूठ भावाच्या नाकावर घातली. हाड मोडल्याचा आवाज अख्ख्या चौकाने ऐकला. साबणाचा फेस गुलाबी झाला.

तोवर मिनिबसचं दार उघडून आठही जण खाली उतरले होते. त्यांनी मोबाइल वर धरले होते.

"आत बसा! आत!" योर्लेनी ओरडत होती. तिला इंग्रजी बारा शब्द येत, त्यांतला एकही उपयोगी पडेना.

"रक्त किती खरं वाटतं नाही?" हॉलिसची बायको म्हणाली. "कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं हे."

"अचानक ठेवलेलं असणार," हॉलिस म्हणाला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

दोघं भाऊ आता जवळजवळ मिठीत होते. दात, गुडघे, कोपरं, जे सापडेल ते चालत होतं. निकानोरने त्याचा कान चावला. एव्हारिस्तोने त्याच्या पायाच्या बोटांवर टाच दिली. मग निकानोरचा अनवाणी पाय चिखलात सटकला आणि तो दोन्ही गुडघ्यांवर आपटला. कोयता हातातून सुटून लांब गेला. त्याच्या मानेच्या वर एव्हारिस्तोचं पातं उभं होतं.

निकानोरने मान वर केली. डोळ्यांत रक्त, पाणी, साबण सगळं एकत्र झालं होतं.

"धार वापर," तो म्हणाला. "हलकटा, या खेपेला तरी धार वापर."

पातं तसंच वर होतं. मग त्याने कोयता चिखलात फेकून दिला. टूकन पक्ष्याचं चित्र छापलेला कंपनीचा शर्ट डोक्यावरून ओढून काढला, खांबाजवळ गेला, चांगल्या हाताने खांब धरला आणि भावाकडे पाठ केली.

"तीन होते, दादा. तेवढे घे."

निकानोर उठला. कोयता हुडकून त्याने पातं मांडीवर पुसलं, मग मनगट वळवून आडवं केलं. पहिला फटका बसला तेव्हा ओल्या कातड्यावर फळी आपटल्यासारखा आवाज झाला. एव्हारिस्तोच्या तोंडून हवा बाहेर पडली, शब्द नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत चार बोटं रुंद पट्टा उठला. दुसऱ्याला कातडं फाटलं आणि तो गुडघ्यात मोडला, पण खांब सोडला नाही.

टाळ्या जोरात झाल्या. हॉलिस पुढे आला आणि बोट वर करून काहीतरी ओरडला.

"काय म्हणतोय तो?" निकानोरने विचारलं.

एव्हारिस्तोने खांबावरची पकड आवळली. त्याचे शब्द मात्र योर्लेनीच्या त्या बारांतले होते.

"परत एकदा म्हणतोय," ती म्हणाली. ती रडत होती. "फोटोत नीट आलं नाही म्हणतोय."

निकानोरने पहिल्यांदाच त्या आठ जणांकडे नीट बघितलं. त्यांचे रेनकोट, त्यांचे हसरे चेहरे, वर धरलेले हात. मग त्याच्या घशातून जे निघालं ते ऐकून चौकातली कुत्रीसुद्धा घरात शिरली.

"माझ्या भावाला पडतायत आणि टाळ्या पिटता, भाडखाऊ?"

पहिल्या वारात हॉलिसच्या हातातला मोबाइल उडाला आणि त्याबरोबर करंगळीचं टोकही. आठही जण किंचाळत गाडीकडे धावले. त्यांतल्या चौघांचे गुडघे बदललेले होते, पण त्या दिवशी हरणं मागे पडली असती. निकानोरने एक दिवा फोडला, दुसरा फोडला, मग खिडकी. काचा आतल्यांच्या मांडीवर पडल्या. तो दाराच्या पायरीवर चढणार, तेवढ्यात उघड्या अंगाचा, रक्ताने माखलेला एव्हारिस्तो आडवा आला.

"दादा, नको. माझी माणसं आहेत ती."

"तुझी? तू मार खाताना नाचणारी?"

"नाचतात, कारण त्यांना मी रोज खोटंच दाखवतो. खरं बघायची सवयच नाही त्यांना. चूक माझी आहे."

निकानोर धापा टाकत उभा राहिला. हळूहळू कोयत्याचं टोक खाली आलं.

"एक राहिलाय," एव्हारिस्तो म्हणाला आणि पुन्हा पाठ करू लागला.

"सरळ उभा राहा." निकानोर रक्त थुंकला. "तो आज नाही. या भिकारड्यांसमोर तर नाहीच. सणाला ये. चर्चसमोर, सगळ्यांच्या देखत घे."

"येऊ?"

"नाही आलास तर शोधत येईन." त्याने गळ्यातला टॉवेल काढून दाताने फाडला, भावाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पट्टी इतकी करकचून बांधली की एव्हारिस्तो कळवळला. "ओरडतोस काय बायकांसारखा. जेवलास का?"

"नाही."

"सणाला जेव."

गाव मागे पडल्यावर बराच वेळ गाडीत काचांचाच आवाज होत होता. हॉलिसची करंगळी रुमालात गुंडाळलेली होती आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"पोलिसांत द्यायला हवा त्याला," तो अखेर म्हणाला. "कोण होता तो माणूस?"

"तुमच्या बोटाबद्दल तक्रार द्या, मी साक्षीला येईन," एव्हारिस्तो म्हणाला. "माझं मी मागून घेतलं. तो माझा थोरला भाऊ आहे."

हॉलिसची बायको उठली आणि तिने आपली जागा त्याला देऊ केली.

"बसा ना हो. तीन तासांचा रस्ता आहे."

पाठ कशालाही टेकवता येत नव्हती. एव्हारिस्तोने वरचा दांडा चांगल्या हाताने घट्ट धरला.

"धन्यवाद, बाई. आमच्याकडे गाईड उभाच राहतो."

रोज दुपारच्या जेवणानंतर पहिल्या सीटवर तोंड उघडं टाकून तो कसा घोरतो, हे योर्लेनी पाच वर्षं बघत आली होती. तिने आरशातून एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं. मग पुढचा खड्डा दिसताच लांबूनच गाडी अगदी हळू केली, आणि त्याच्या पुढचा आला तेव्हाही.