सात पदरी तार

बिडकीनच्या गिरणीतला फ्यूज आठ दिवसांत एकदाही गेला नव्हता आणि गिरणीमालक कडूबा छाती फुगवून फिरत होता. त्याआधी दिवसातून तीनदा जायचा. दर वेळी तो फ्यूजमध्ये तारेचा एक पदर वाढवायचा; सातव्या पदराला फ्यूज गप्प झाला. त्याच्या बायकोचं, द्वारकाबाईचं, डोकं मात्र फिरलं होतं. दळण ओतताना चक्कीच्या पत्र्याला हात लागला, की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या.

"चक्की चावतीया," ती रोज सांगायची.

"तुला कशाचंबी निमित्त पायजे. गोणपाटावर उभी ऱ्हा."

"मी ऱ्हाईन. अन् गिऱ्हाईक बाया?"

धान्य म्हणजे अन्न, म्हणून गिरणीत चपला बाहेरच काढायच्या, हा नियम कडूबाचाच. तो बाहेर निघून गेला. हे त्याचं नेहमीचंच.

नवव्या दिवशी म्हातारी चतुराबाई ओल्या पायांनी आत आली, पत्र्याला टेकली आणि मागं फेकली गेली. नशीब, पोत्यावर पडली. मग द्वारकाबाईनं नवऱ्याला न विचारताच रामकिसन वायरमनला बोलावलं.

त्यानं मेन स्विच पाडला आणि मोटरीमागून अर्थिंगची तार ओढून काढली. टोक जळून कोळसा झालं होतं.

"कडूबाभाऊ, आतली तार मोटरीच्या अंगाला टेकलीय. तसं झालं की वीज अर्थिंगमधून धो धो जमिनीत जाती, फ्यूजची बारीक तार वितळती अन् लाईन तुटती. त्याच्यासाठीच ती बारीक असती. तुमचे सात पदर वितळंनात, म्हणून ही अर्थिंगची तार वितळून तुटली."

"पर आता फ्यूज जात नाय ना?"

"कसा जाईल? जमिनीत जायला वाटच ऱ्हायली नाय. वहिनी हात लावतात तेवढीच वाट. अन् तेवढ्या विजेनं माणूस मरतो, फ्यूज जात नसतो."

रामकिसननं अर्थिंग नवं जोडलं, फ्यूजमध्ये एकच पदर घातला आणि मोटर चालू केली. टक्क करून फ्यूज गेला.

"बघा, गेला," म्हणत कडूबानं सवयीनं जाड तारेचं भेंडोळं उचललं.

द्वारकाबाईचा संताप आता कमालीचा थंड झाला होता. "घाला सात पदर," ती म्हणाली. "अर्थिंगबी तोडा. अन् आजचं दळण तुम्ही ओता."

कडूबानं भेंडोळं खाली ठेवलं. रांगेतल्या बायकांना म्हणाला, "डबे घरी न्या. मोटर भरायला, आतली तार नवी गुंडाळून घ्यायला, शहरात औरंगपुऱ्यात नेतो."

मग तो बायकोजवळ आला. "आठ दिवस येत होत्या झिणझिण्या?"

"रोज सांगितलं," ती म्हणाली.