घाम न लागलेला शर्ट

दादाची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली, त्याच आठवड्यात वहिनीने त्याचा बस चालवायचा नवा शर्ट धुतला, खळ घातली, कडक इस्त्री केली आणि कपाटाच्या दाराला टांगला. कामावर जाताना शोधाशोध नको, म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी तेच. न घातलेला शर्ट धुवायचा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे धूळ बसते. वहिनीपुढे आमचं शहाणपण चालत नाही. दादा तर पूर्वीपासून थट्टा करायचा, की हिच्या बाहीच्या घडीने भाजी चिरता येईल. पण त्या शर्टाकडे बघत बघतच तो पुन्हा चालायला लागला, हे खरं.

मग दीडेक वर्षाने डेपोने तपासणीला बोलावलं. पास झाला तर गाडी, नाहीतर नोकरी गेली.

त्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले होते. वहिनीने शर्ट धरला. दादाचा हात वळेना, म्हणून त्याने जोर करून आत ढकलला. बाही इस्त्रीच्या घडीवर खांद्यापासून मनगटापर्यंत उभी फाटली.

वहिनी सुईदोरा घेऊन धावली. टाका घातला की कापड टाक्यासकट सुटून यायचं. मी शर्ट उलटून पाहिला. काख, कॉलर, कोपर, जिथे ड्रायव्हरचे शर्ट आधी जातात, तिथे तो कोरा करकरीत होता. विरला होता तो फक्त घडीवर, खळीने आणि इस्त्रीने. मला वहिनीचा राग आला, पण तिचं तोंड बघून मी तो गिळला.

दुसरा घाल, मी दादाला म्हटलं, ते हात बघणार आहेत, शर्ट नाही.

"हात बघणार, तेच तर," दादा म्हणाला. "मला बाही चढवता येईना, स्टिअरिंग काय फिरवणार? कधीचं कळलंय मला. पण ही रविवार आला की इस्त्री तापवायची. कोणत्या तोंडाने सांगू?"

तो गेलाच नाही. वहिनीने त्याला एकदाही जा म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी तिने सवयीने इस्त्री तापवली आणि नुसतीच उभी राहिली. मग दादाचा घरात घालायचा पायजमा आणला आणि त्याला घडी पाडायला लागली.

"त्याला खळ नको घालूस," दादा म्हणाला. "आता हाच टिकवायचाय."